सोनूला सांभाळायला आलेली आई

एस.टी. सुटली तेव्हा दादा खिडकीखाली उभे होते आणि गळ्यातली टेप काढून ठेवायला विसरले होते. माझे वडील गावचे शिंपी. कापड बेततानाच ते आम्हाला पोचवायला तसेच उठून आले होते. खिडकीशी आई बसली होती, तिच्या मांडीवर माझी लेक सोनू. सोनू त्या टेपकडे हात करत होती. दादांनी टेपचं टोक तिच्या मुठीत दिलं आणि गाडी हलली तसं हळूच सोडवून घेतलं. "सहा महिने तर आहेत," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. आईने नुसता पदर सारखा केला.

मी गाव सोडलं ते लग्न होऊन, त्यात नवल नव्हतं. मुली जातातच. पण माझ्या आईने पन्नाशीत सिन्नरकडचं आपलं घर सोडलं, ते माझ्यामुळे. गावी राहिलेली आमची माणसं अजून म्हणतात, तुमचं काय बाई, तुम्ही मुंबईकडे गेलात. आम्ही गेलो होतो बदलापूरला. ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. शिरगावात नुकत्याच उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये एक खोली आणि किचन, पुढे भाताची खाचरं, पाण्याला टँकर. ह्यांची नोकरी ठाण्याला, म्हणजे सकाळी अंधारात बाहेर. मी अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत, रंगाच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बाळंतपणाची रजा संपली आणि प्रश्न उभा राहिला तो एवढाच, पण त्याच्यापुढे बाकी सगळं लहान होतं: सोनूला कोण सांभाळणार?

कंपनीच्या वाटेवर एक बाई घरातच पाळणाघर चालवायची. स्वच्छ लुगडं, गोड बोलणं, "ताई, तुम्ही निश्चिंत जा." चार-पाच महिने मी निश्चिंत गेले. एके दिवशी कंपनीत लाइट गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी सोनूला घ्यायला गेले, तर दाराला बाहेरून कडी. आतून एका मुलाचं रडणं येत होतं. कडी काढून आत गेले. सात-आठ लेकरं, एकही मोठं माणूस नाही. बाई उल्हासनगरच्या बाजारात गेली होती, रोज जायची म्हणे दुपारची. सोनू ओल्या लंगोटात कोपऱ्यात बसली होती. ती रडत नव्हती. मला पाहूनही रडली नाही. रडून काही होत नाही हे तिला इतक्यातच कळलं असावं, तेच मला लागलं. ती बाई परत येईपर्यंत मी तिथेच थांबले, कारण बाकीची लेकरं टाकून जाणार कशी?

त्या आठवड्यात मी गावी गेले. दादांनी सगळं ऐकून घेतलं. आई चुलीपुढे होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही, म्हणाली, "मी येते."

हे दोन शब्द मी तेव्हा किती सहज घेतले! आईदादांचं लग्न झाल्यापासून दोघं ओट्यावर समोरासमोर बसून काम करत आलेले. दादा कापायचे, मशीन मारायचे. काजं करणं, बटणं लावणं, तुरपाई, हे आईचं. दिवसभर फारसं बोलायचे नाहीत. सुईत दोरा ओवायचा झाला की दादा न बघता सुई पुढे करत आणि आई न बघता घेई. असं जोडपं आम्ही उचकटलं आणि त्यातलं अर्धं बदलापूरला आणलं.

सोनू सुधारली. महिनाभरात अंग धरलं, हसायला लागली, मोठ्याने रडायलाही लागली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी कोपऱ्यावर आले की आई तिला कडेवर घेऊन गॅलरीत उभी असायची. त्या वेळी जे वाटायचं त्याला मी सुख म्हणत असे. माझ्यासारख्या ज्या इकडे नोकरी करत आल्या, त्यांना हे माहीत आहे: घरी आपलं माणूस आहे, एवढ्या एका गोष्टीवर आपण आठ तास उभ्या राहतो.

सहा महिने झाले. मग वर्ष झालं. कोणीच तो विषय काढला नाही.

आईचा हात रिकामा राहत नसे. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये कमलाभाभी राहायच्या, सिंधी. त्यांच्या यजमानांचा उल्हासनगरला जीन्सचा कारखाना. शिवलेल्या पॅंटींची गाठोडी घरी यायची, लोंबते दोरे कापून द्यायचे. सोनू झोपली की आई ते काम आणून बसायची. भाभी म्हणायच्या, "माई, तेरा हाथ तो मशीन है." आई हसायची, आणि त्या गेल्या की मला सांगायची, "कसली गं ही शिलाई! तुझ्या दादांनी बघितली तर उसवून टाकतील."

दादा एकदाच आले, दिवाळीनंतर. सोबत सोनूसाठी झबली-फ्रॉक, सगळे अंदाजाने शिवलेले, सगळे बरोबर बसले. पण त्यांचा जीव इथे रमेना. "बसायचं कुठं गं इथं?" म्हणाले. खुर्ची होती, पलंग होता, पण ते ओटा शोधत होते. रात्री आम्ही दोघं आणि दादा त्याच एका खोलीत, किचनमध्ये आई आणि सोनू. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांशी बोलायला जागाच नव्हती. मग मी एक पाहिलं. रोज संध्याकाळी दोघं भाजी आणायला निघत. जाऊन येऊन दोन दोन तास लावत. आणि आणत काय, तर कोथिंबिरीची एक जुडी.

आठवडा झाला आणि दादा निघाले. "गिऱ्हाइकांचे कपडे पडलेत," म्हणाले. आईने दशम्या बांधून दिल्या. जिन्यात ते मला हळूच म्हणाले, "सुई ओवायला आता त्रास होतो, बाकी काही नाही." मी म्हटलं, चष्मा बदला. त्यांनी मान हलवली.

पुढे गावातल्या किराणा दुकानात फोन बसला. दर रविवारी दादा तिथून कमलाभाभींकडे फोन करत. आई पदर डोक्यावर घेऊन फोनवर बोलायची, जसे काही ते समोरच उभे आहेत. बोलायची काय? "जेवलात का? काय केलं होतं?" दादा तिकडून ओरडून सांगत, पिठलं. दर रविवारी पिठलंच.

सोनू चौथ्या वर्षात आली तेव्हा ठरलं, ती जूनमध्ये शाळेत गेली की आईने परत जायचं. आईने एक पत्र्याची पेटी आणून ठेवली होती. तिच्यात ती थोडं थोडं भरत होती: स्टीलची दोन ताटं, दादांसाठी गरम बंडी, उल्हासनगरहून आणलेले रंगीत दोरे. कधी पेटी उघडली की सोनू विचारायची, "आजी, तू जाणार?" आई म्हणायची, "तू मोठी झालीस की."

होळीच्या सुमाराला सोनूला गोवर आला. अंगभर पुरळ, ताप, डोळे उघडेनात. त्याच आठवड्यात दादांचा रविवारचा फोन आला नाही. सोमवारी दुकानदाराने केला. दादांना ताप आहे, छाती भरली आहे, पण डॉक्टरांनी औषध दिलंय, काळजी नको. मी आईला म्हटलं, "तू जा. मी बिनपगारी रजा टाकते." आई उठलीसुद्धा. साडी बदलली, पिशवी घेतली. तेवढ्यात आतून सोनूने हाक मारली, मला नाही, आजीला. आई दारात थांबली. मग चप्पल काढली. म्हणाली, "त्यांना शेजारपाजार आहे. हिचा ताप उतरला की जाते. चार दिवसांनी काय होतंय."

चार दिवस झाले नाहीत. कमलाभाभी फोन ठेवून स्वतःच आमच्या दारात आल्या आणि त्यांनी आईचे दोन्ही हात धरले.

आम्ही गावी पोचलो तेव्हा लोक थांबले होते. आई रडली नाही. ती दादांजवळ बसली आणि त्यांच्या सदऱ्याचं एक बटण सैल लोंबत होतं त्यावरून बोट फिरवत राहिली. तेराव्याला पाहुणे पांगले तेव्हा तिने मशीनवरचं कापड काढलं. खाली गिऱ्हाइकांचे कपडे होते. शिवून झालेले, पण बिनकाजाचे, बिनबटणाचे. दादांना हल्ली दिसत नव्हतं. लग्नसराई तोंडावर, लोक घाई करत असतील, आणि ते "उद्या देतो" म्हणत असतील. आई ओट्यावर आपल्या जागी बसली, समोरची जागा मोकळी सोडून. तीन दिवस ती काजं करत होती. मग एकेकाला बोलावून त्याचा कपडा त्याच्या हातात दिला.

निघायच्या दिवशी मी तिची पिशवी भरायला घेतली. तिने माझ्या हातातून ती काढून घेतली.

"मी नाही येत आता."

"इथे एकटी काय करशील?" मी म्हटलं.

"एवढी वर्षं ते राहिलेच ना एकटे," आई म्हणाली. "आता माझी पाळी."

आवाजात राग नव्हता.

परतीच्या एस.टी.त सोनू सिन्नर मागे पडेपर्यंत रडली. बदलापूरला आलो, आणि दुसऱ्या दिवशी मी बिनपगारी रजेचा अर्ज घेऊन दारात उभी असताना कमलाभाभी समोरून म्हणाल्या, "बच्ची को मेरे पास छोड़. स्कूल लगेगा तो वहाँ से भी मैं लाएगी." वर त्या म्हणाल्या, "पहले ही बोलने का ना. माई थी तो मैंने सोचा, तुम लोगों को जरूरत नहीं." सोनू दहावी होईपर्यंत दुपारची त्यांच्याच घरी जेवली. तिला त्यांची पालक-डाळीची साई भाजी माझ्या हातच्या वरणभातापेक्षा आवडते, आजही.

दर मे महिन्यात आम्ही गावी जायचो. आई पोरीला जवळ घेऊन झोपायची, लोणची बांधून द्यायची, सगळं करायची. पण बदलापूरला ती पुन्हा आली नाही. ब्लॉक मोठा घेतला, नळाला पाणी आलं, तिच्यासाठी वेगळी खोली ठेवली. एका वर्षी मी हट्टालाच पेटले. म्हटलं, "आई, ते घर तुझं नाही का?"

आई तांदूळ निवडत होती. तिने खरंच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून काही बोलली नाही. म्हणाली, "चांगलंय तुझं घर. पण तिथं मी कामाला होते गं. इथं मी घरी आहे."

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गावचं घर चुलतभावाकडे आहे, सोनू तिच्या संसारात. कंपनीतून मी निवृत्त झाले. बदलापूरच्या या ब्लॉकमध्ये आता मला कोणी काही मागत नाही, कुठली बस गाठायची नाही, कोणाची शिफ्ट सांभाळायची नाही. आईच्या हिशेबाने पाहिलं तर मी आत्ता कुठे घरी आले आहे. दुपारी हात मोकळे ठेवून बसून बघते. अजून जमलेलं नाही.