मी लपवलेल्या कॅप्सूल

“इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. याआधी काही औषध दिलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. माझी बायको सरला खाटेवर तापाने कुडकुडत होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तेव्हा आम्ही सुरतेत, गोडादऱ्याला राहत होतो. मी कापड विणायच्या लूमवर कामाला होतो. लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा सरला दवाखान्यात चला म्हणाली होती. बायकोचं असलं दुखणं परक्यापुढे काढायची मला लाज वाटली. मेडिकलवाल्याला त्रास मलाच आहे असं सांगून मी अँपिसिलिनच्या चार कॅप्सूल आणल्या. जळजळ थांबली, की कॅप्सूल बंद. असं तीनदा झालं.

मी खोटं बोललो, म्हणून दवाखान्यातही तेच औषध सुईने सुरू झालं. दोन दिवस ताप उतरेना. मी बाहेर बाकावर बसून असायचो. सांगावंसं वाटायचं, पण तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कल्चर रिपोर्ट आला. लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं, ते यात पाहतात. अँपिसिलिनपुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलं होतं, म्हणजे औषधाला दाद न देणारा जंतू.

बाईंनी हिंदीत समजावलं. जंतूच्या आत जीन असतात, म्हणजे काय बनवायचं याच्या सूचना. या जंतूतली एक जीन बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवून घेते आणि ते एन्झाइम औषधच तोडून टाकतं. अर्धवट औषधाने बाकीचे जंतू मरतात. ही जीन असलेले तगतात आणि वाढत जातात.

मग मी सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत.

“पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी दुसरं औषध दिलं असतं,” एवढंच म्हणाल्या.

औषध बदललं. दोन दिवसांनी ताप उतरला. सरला उठून बसली, तेव्हा मी तिला विचारलं, तू तरी का नाही सांगितलंस?

“तुमची मान खाली गेली असती,” ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना.

त्या डॉक्टरीणबाईंमुळे सरला वाचली. तुमच्या घरी कुणाला असा त्रास झाला, तर लाजू नका आणि आधी काय दिलं ते डॉक्टरांपासून लपवू नका. हे लिहायच्या आधी मी सरलाला विचारलं, तुझं नाव बदलू का?

ती म्हणाली, “राहू द्या. वाचून एखादी तरी वेळेवर दवाखान्यात जाईल.”