दाराशी बसलेला गोडबोल्या

खात्यात सगळे त्याला गोडबोल्या म्हणत. खरं आडनाव हजेरीपटापुरतं. तो नोकरीला लागला तेव्हा कुणी कुणाला ओलीस धरलं की पोलिसांकडे दोनच उपाय असत: कर्ण्यावरून दम द्यायचा, नाहीतर दार फोडायचं. मग एका कचेरीचं दार फोडताना आतली तीन माणसं हकनाक गेली. वरच्यांची झोप उडाली आणि ओलीस धरणाऱ्याशी बोलणी करणाऱ्या पोलिसांचं प्रशिक्षण सुरू झालं. तिथे जायला कुणी तयार होईना. साहेबांनी याला धाडलं, कारण ठाण्यात भांडत आलेली माणसं याच्यापाशी चहा पिऊन परत जात.

तिथे तो शिकला ते असं. घाई करायची नाही. समोरच्याचं ऐकायचं, त्याचेच शब्द हळूच त्याला परत द्यायचे. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द द्यायचा नाही. एकाने बोलायचं, दुसऱ्याने शेजारी बसून टिपायचं. निर्णय घेणाऱ्या साहेबाने मात्र तोंड उघडायचं नाही. आणि घरच्यांना फोनवर आणायचं नाही, कारण पुष्कळदा माणूस त्यांचा निरोप घ्यायलाच फोन मागतो.

अकरा वर्षांत त्याने एकोणीस जणांना दाराबाहेर आणलं. घरी बायको म्हणायची, "माझ्याशी तरी साधं भांडा हो. मी काही कुणाला कोंडून ठेवलेलं नाही."

विसावा होता दवाखान्यातून काढून टाकलेला कंपाउंडर. सकाळी दहाला त्याने एका नर्सला औषधांच्या खोलीत कोंडलं. हातात चाकू होता. गोडबोल्या बाहेर भिंतीला पाठ टेकून बसला. पहिला तासभर नुसत्या शिव्या आल्या, त्या त्याने निमूट ऐकून घेतल्या. शिव्या सरल्या तसा माणूस बोलू लागला. चूक डॉक्टरची होती, खापर आपल्यावर फुटलं, दीड वर्षात कुणी साधं विचारलंही नाही. दुपारी दोनला त्याने नर्सला सोडलं. दोघांनी धरून तिला जिन्यापर्यंत नेलं.

आता आत तो एकटाच होता, आणि चाकू.

"आईला फोन लावून द्या," तो म्हणाला. "एकदाच बोलतो."

गोडबोल्याने शेजारी टिपणाऱ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. नियम दोघांनाही पाठ होता.

"आईशी बोलावंसं वाटतंय तुला," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "बाहेर ये, समोर बसून बोल. मी स्वतः घेऊन जातो."

आतून आवाज आला, "तुम्ही चांगले आहात हो. पण शेवटी तुम्हीही नाहीच म्हणालात."

गोडबोल्या बोलत राहिला. उत्तर येईना तेव्हा दार फोडलं. उशीर झाला होता.

चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. नर्स सुखरूप, कार्यपद्धती योग्य, असं अहवालात आलं. साहेबांनी पाठ थोपटली.

आठवड्याने तो कंपाउंडरच्या आईकडे गेला. तिने त्याला खुर्ची दिली, आपण पलंगाच्या कडेला बसली.

"शेवटचं तुमच्याशीच बोलला ना?" तिने विचारलं. "माझी आठवण काढली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तुम्हाला फोन लावून मागितला होता," तो म्हणाला. "मी दिला नाही."

का दिला नाही ते तो सांगू लागला आणि मध्येच थांबला.

"मी घरीच होते," ती म्हणाली. "टीव्हीवर दवाखाना दाखवत होते. मी फोन हातात धरूनच बसले होते."

ती रडली नाही, बोल लावला नाही. त्याला उठताही येईना.

त्याने बदली मागितली, मिळाली नाही. दुसरं होतं कोण? पुढच्याच महिन्यात गच्चीच्या कठड्यावर उभ्या राहिलेल्या एकाने भावाला फोन लावून मागितला. गोडबोल्याने नाही म्हटलं. तो माणूस उतरला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोडबोल्या जिन्यात बसून राहिला. नियम पुन्हा बरोबर ठरला होता, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.