शोकेसमधली गंधकाची वडी

परवा शोकेस आवरताना माझ्या हातून गंधकाची वडी निसटली आणि थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. मी ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली — अंगठा बघायला नाही, वडी बघायला. वडीचा एक टवका उडाला होता आणि त्या जागी आतून काहीतरी डोकावत होतं. सुतळी. पोत्याची असते ना, तसली.

"अहो, याच्यात सुतळी काहून?"

"असेल काहीतरी," असं म्हणून मी लंगडत आत निघून गेलो. अंगठा दुखत होता, पण एवढं लंगडण्याइतका नाही.

त्या सुतळीचं उत्तर मी आजवर कुणालाच दिलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हाला देतोय. बायकोला आधी द्यायला हवं, हे मला समजतं. पण तुम्ही समोर बसलेले नाही, हातात लाटणं नाही — तेवढाच धीर.

आधी वडीचा मान सांगतो. आमच्या घरी पाहुणा आला, की त्याला पाण्याच्या पेल्याबरोबर वडी दाखवतात. "ह्यांनी बनवली, विषारी वायूपासून," असं बायको सांगते आणि मी छताकडे पाहतो. लोकांना तो विनय वाटतो. तुम्हाला काय वाटेल?

नागपुरात ना तेलाची विहीर, ना रिफायनरी. पण आमची प्रयोगशाळा होती आणि तिच्या मागच्या शेडमध्ये रिफायनरीतल्या एका भट्टीचं पिल्लू होतं. कच्च्या तेलात गंधक असतं. तेल शुद्ध करताना ते सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू होऊन निघतं. त्यातला थोडा वायू भट्टीत जाळला, की त्याची उरलेल्याशी गाठ पडते आणि खाली पातळ गंधक गळू लागतं. थंड झालं की वडी. हे जगाला ठाऊक होतं. आमचं म्हणणं एवढंच, की भट्टीला नुसती हवा देऊ नका, हवेत थोडा जास्तीचा ऑक्सिजन मिसळा. का? अहो, हवेत पाचातले चार वाटे नायट्रोजन. तो म्हणजे लग्नातले काही वऱ्हाडी — कामाला हात लावायचा नाही, नाचायचं नाही, गरम गरम जेवायचं आणि निघायचं. असली गर्दी कमी केली, तर त्याच मांडवात कामाची माणसं जास्त मावतात. भट्टी तीच, पण वायू जास्त जाळते, गंधक जास्त देते, आणि चिमणीतून गावाच्या नाकात कमी जातं. मात्र बेतानं. आच फार वाढली, तर भट्टीच्या विटाच वितळायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. एका रिफायनरीचे अधिकारी आमची भट्टी बघायला सोमवारी येणार होते. आमचे साहेब त्यांना आणायला मुंबईला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते, "हळदीसारखं पिवळं दाखवू त्यांना." मी शनिवारी भट्टी चालवली. आकडे असे आले, की मी शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या. मग गंधक गळून साठतं, त्या तबकावरचं झाकण उचललं आणि —

काळं. करपलेल्या गुळासारखं काळपट, कडेला थोडं हिरवं.

आकडे खरे होते, हे मी आजही सांगेन. गंधक भरपूर आलं होतं. पण रंग? "साहेब, काळं आलंय, कारण शोधतो" — एवढंच वाक्य होतं. ते बोलायला मुंबईला फोन लावायचा होता. मी काय केलं? स्कूटरला किक मारली.

माझी सासुरवाडी काटोलकडची, सासऱ्यांची संत्र्याची बाग. झाडांवर फवारायला गंधक आणि चुना उकळायची त्यांची जुनी रीत, म्हणून कोठीत गंधकाचं पोतं कायम. मी म्हटलं, "घरच्या गुलाबावर भुरी आली, थोडं गंधक हवं होतं." आमच्या घरी गुलाब नव्हता. तुळस होती, तीसुद्धा बायकोच्या भरवशावर.

"ना बापू, थोडं काहून?" सासरे म्हणाले आणि स्वतः पोत्यात हात घालून त्यांनी माझी पिशवी गच्च भरली. "गुलाब वाचला पायजे."

रविवारी दुपारी प्रयोगशाळेत ते वितळवलं, तबकात ओतलं. पिवळीधम्मक वडी झाली. पोत्यातली सुतळी तिच्यात केव्हा पोहायला उतरली, मला दिसलं नाही.

सोमवारी वडी हातोहात फिरली. "क्या कलर है!" पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आजही तिथेच लागतो.

पुढचे काही दिवस मी चोरासारखं कारण शोधलं. सापडलं. वायू ढकलणाऱ्या पंपाचं तेल गळून वायूत मिसळत होतं. ते अर्धवट जळायचं आणि काजळी गंधकात उतरायची. पंप दुरुस्त केला, भट्टी पुन्हा चालवली आणि मग आलं — खरं, आमचं, हळदीसारखं पिवळं! तेव्हा तरी सांगायचं ना? पण पहिली वडी तोवर साहेबांच्या टेबलावर मखरात बसल्यासारखी बसली होती. मग खऱ्याचं काय केलं? उसनं आणलेलं परत करावं, म्हणून पिशवीत भरून सासऱ्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते चुन्यात उकळलं आणि संत्र्यांवर फवारलं.

साहेब निवृत्त झाले, तेव्हा वडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही तुझी." मी घेतली. घेतलीच.

आता सांगायला सर्वांत नको असलेलं. शोकेसच्या मधल्या खणात तेव्हा एक पितळी कप होता. सासऱ्यांच्या संत्र्यांना प्रदर्शनात बक्षीस मिळालेला. बायकोनं तो लग्नात माहेराहून आणला होता. वडी आली आणि तिनं तो आपल्या हातानं माळ्यावर टाकला. सासरे आले, त्यांनी रिकामी जागा पाहिली, वडी पाहिली आणि म्हणाले, "बरं केलं. संत्रे तर कोणीबी पिकवते, पोरी. हे जावईबापूनं धुरातून काढलं." मी शेजारी उभा होतो. त्यांच्याच पोत्यातलं गंधक त्यांच्याच कपाच्या जागी, आणि ते मान हलवून माझं कौतुक करताहेत. तोंड उघडायला मला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. मी चहा मागवला.

दर खेपेला ते आल्या आल्या गुलाब बघायला मागच्या अंगणात जातात. हो, गुलाब आहे. पहिल्यांदा ते येणार असं कळलं, तेव्हा धावत जाऊन विकत आणला. आता चांगला खांद्याएवढा वाढलाय, माझ्या खोट्यातलं तेवढंच फुललं.

इथवर लिहिलं आणि वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तिलाही सांगावं. ती ओसरीवर संत्री सोलत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं — काळी वडी, गुलाबाची थाप, पोतं, पंप, कप. संत्र्याची फोड तिच्या हातात तशीच राहिली. मग ती हसायला लागली. इतकी, की तिला ठसका लागला, मला पाणी आणावं लागलं, आणि पाणी देताना मीही हसलो; किती वर्षांनी असा हसलो, कोण जाणे.

"म्हणजे तुमचा शोध आमी संत्र्यात खाऊन टाकला," डोळे पुसत ती म्हणाली, "आन् माह्या बाबाच्या पोत्यातलं गंधक मी रोज कापडानं पुसून राहिली?"

तिनं मला स्टुलावर चढवून माळ्यावरचा कप काढायला लावला, चिंचेनं घासला आणि मधल्या खणात ठेवला. वडी त्याच्या शेजारी, टवका पुढे करून, सुतळी दिसेल अशी. मला वाटलं, संपलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

"अहो," ती दारातून म्हणाली, "बाबा रविवारी येऊन राहिले. वडीचं मी सांगतो त्याइले. गुलाबाचं तुम्ही सांगा."