बांधतो आणि निघून जातो

"जाताना पेट्या जड असायच्या, येताना हलक्या; आणि हलक्याच उचलवायच्या नाहीत."

सयाजी हे एकदाच बोलला. कारगिलचं युद्ध संपल्यावर रजेवर आला होता तेव्हा, जेवताना. "कसल्या पेट्या?" बायकोने, वैजयंतीने विचारलं. त्याने पाणी मागितलं.

हवाई दलात असूनही तो लढायला कधी उडाला नाही. उत्तरेतल्या एका तळावर मालवाहू विमानांत दारूगोळा, रेशन चढवायचं, पट्ट्यांनी आवळून बांधायचं. विमान परतलं की आत असेल ते उतरवायचं. परतताना आत काय असायचं, ते वैजयंतीने टीव्हीवर पाहिलं. तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या. तिने ताडलं. पण ताडलं म्हणजे कळलं असं नव्हे.

त्याच्या गावी, मोडनिंबला, कुणी वारलं की तिरडी बांधायला त्यालाच बोलावत. त्याची गाठ सुटत नसे. मात्र उचलायची वेळ आली की सयाजी गायब. वडिलांच्या वेळीही तेच झालं. थोरल्या भावाने मडकं धरलं आणि सयाजीच्या जागी खांद्याला चुलतभाऊ लागला. गाव म्हणालं, जमिनीवरून बिनसलं असणार. कुणी म्हणालं, युद्धातूनही असाच पळाला असेल. वैजयंती गावाशी भांडली खरी, पण जेवायला वाढताना नवऱ्याच्या तोंडाकडे चोरून बघायची सवय तिला तेव्हापासून लागली.

आज शहरात, सात रस्त्याजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मुलीची, ऋतुजाची सोयरीक ठरायची होती. तिने आणि पृथ्वीराजने एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. अडलं होतं ते मुलाच्या चुलत्यापाशी, टेंभुर्णीच्या बाळासोंपाशी.

"गावात चौकशी केली आमी," बाळासोंनी चहा बशीत ओतला. "तिरडी बांधायला पुढं, उचलायला मागं. व्हय का न्हाय, पाव्हणं?"

"अहो, शुभ कामाला बसलोय," पृथ्वीराजची आई पुटपुटली.

"बसलोय की! सोयरीक काय नुसती जेवणावळीपुरती असती व्हय? आमची म्हातारी अंथरुणाला खिळलीया. उद्या तिचं काय झालं तर व्याही म्हणून खांदा द्याल का? व्हय म्हणा, आत्ता कुंकू लावतो पोरीला."

पृथ्वीराज "काका" म्हणाला आणि तिथेच थांबला. ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची नजर बापावरून हटत नव्हती.

"बोला ना," वैजयंती म्हणाली. हा माणूस आपल्याशी खोटं वागतो, असा संशय तिने इतकी वर्षं जपला होता. आता त्याने एकदा तरी खोटं बोलावं म्हणून ती देवाला विनवत होती. एक शब्द. कोण शब्दाला धरायला येणार होतं नंतर?

सयाजीने तोंड उघडलं. मग त्याचा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला, जणू तिथं अजून एक हलकी पेटी टेकली होती.

"खांदा दुखतोय का काय?" बाळासो हसले.

सयाजी उठला. ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवला, दारातल्या चपला पायात सरकवल्या, आणि जिना उतरून गेला.