उन्हाळ्यातला उष्मांक

वैशाखातली दुपार हुडकेश्वरात उतरली, की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायला लागतो. कूलरच्या वाळ्याला पाणी लागतं, ओला वास घरभर फिरतो, आणि माझ्या डुलक्यांना कळेनासं होतं, की हा उन्हाळा आत्ताचा, की लग्नानंतरचा पहिला. यंदा तर दोन्ही पार एकमेकांत मिसळले.

कारण आमचे हे. टायफॉइड उतरला, पण जाता जाता अंगावरचं मांस घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी ह्यांचा दंड चिमटीत धरून पाहिला. तापात शरीराला जास्त जळण लागतं, म्हणाल्या, आणि ते ताटातून आलं नाही तर ते स्वतःचे स्नायूच जाळायला काढतं. आता उष्मांक वाढवा. वरणावर तूप, दूध, दाणे, गूळ. पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही, तर भरती करावं लागेल.

ह्यांनी तिथं शहाण्यासारखी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र वरणावरचं तूप चमच्यानं बाजूला सारलं, ताट सरकवलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात उष्मांक खात नसते वं. तूच तं सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. पण सांगणारी ती कोण होती, तेही ऐका. दोन वेण्या घालून सावनेरहून नवी नवरी होऊन आलेली, गृहशास्त्रात पहिली आलेली दीडशहाणी. आहाराचा धडा तिला तोंडपाठ. तेलातुपात उष्मांक सर्वांत जास्त, काकडीत सर्वांत कमी. आता उष्मांक म्हणजे काय, तर तिनं आपलं डोकं लावून शब्द फोडला. उष्म अधिक अंक. म्हणजे कोणतं अन्न किती गरम पडतं, त्याचा नंबर. पपई गरम, ताक थंड, हे आईच्या घरी होतंच. पुस्तकवाल्यांनी त्यावर आकडे टाकले, एवढंच. खालच्या ओळीत लिहिलं होतं, की अन्न शरीरात जळून किती शक्ती देतं, त्याचं हे माप. ती ओळ वाचताना बाईसाहेबांना नक्की डुलकी लागली असणार.

मग काय. नवरा भर उन्हात सायकलनं ऑफिसात जायचा. त्याला उन्हाची लू लागू नये म्हणून तिनं तूप बंद केलं, तेल बंद केलं, फल्लीदाण्याचा, म्हणजे शेंगदाण्याचा, डबा वरच्या फळीवर चढवला. डब्यात अर्धी भाकर, काकडी, कांदा, पातळ ताक. पन्ह्यातसुद्धा गूळ नाही. ते आंबटढाण पन्हं तो डोळे मिटून प्यायचा, आणि हिला वाटायचं, काय थंडावा मिळून राहिला बिचाऱ्याला. उन्हाळा सरला, लू लागली नाही, तेव्हा हिनं नळावरच्या समस्त बायकांना भाषण दिलं.

पुढं लेकीचा अभ्यास घेताना ती खालची ओळ मला भेटली. मी पुस्तक मिटलं आणि कांदे चिरायला बसले.

आता मात्र बोलावंच लागलं. ह्यांच्या उशाशी बसून सांगितलं, की उष्मांक म्हणजे गरमी नाही हो, ताकद. तेव्हा मीच उलटं समजले होते.

ह्यांनी एक डोळा उघडला. "मले माहीत होतं."

"मंग त्या उन्हाळ्यात काकडीवर जगले कसे तुम्ही?"

"तर्रीपोह्यावर. ऑफिससमोर ठेला होता. रोज खात होतो."

माझ्या एवढ्या वर्षांच्या कीर्तीवर पोह्यांवरची लाल, तेलकट तर्री ओतली गेली. मी म्हटलं, "सांगतलं काहून नाही?"

"तू किती खुश राहे वं."

मग मी विचारलं, की सगळं माहीत होतं, तर आता तूप काहून काढून टाकता. म्हणाले, भूकच मेली आहे, आणि त्यात तू समोर बसून चमच्याकडे टक लावून पाहतेस. "चोरून खाण्यात चव होती," पुढं बोलले आणि झोपले.

मी त्यांची छाती वरखाली होताना पाहत बसले. झोपलेलं माणूससुद्धा काहीतरी जाळतच असतं. श्वास चालतो, काळीज चालतं, अंग कोमट राहतं. राखेखाली निखारा असतो तसं. आणि निखाऱ्याला कोणी बाहेरून काडी घातली नाही, तर?

दुसऱ्या दिवशी मी फल्लीदाणे भाजले. गूळ घातला, तूप हात न आखडता घातलं, लाडू वळले. डबा मुद्दाम खालच्या फळीवर ठेवला आणि ह्यांना ऐकू जाईल असं बजावलं, की हे मिहानात नोकरी करणाऱ्या नातीसाठी आहेत, रविवारी यायची आहे, कोणी हात लावायचा नाही.

मग डोळ्यांवर पदर घेऊन आडवी झाले. वाळ्याचा वास येत होता. कुठूनसा सायकलच्या घंटीचा आवाज आला, आत्ताचा की तेव्हाचा, कोण जाणे. डुलकी लागत होती, तेवढ्यात खाट करकरली. भिंतीला धरत धरत पावलं स्वयंपाकघराकडे गेली. डब्याचं झाकण कुरकुरलं आणि थांबलं.

तो थांबला होता, मी जागी आहे का ते पाहायला.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि घोरायला लागले.