गळ्याशी गेलेला हात

सकाळी दूध घेऊन परतताना कॉलनीच्या रस्त्यावर माझ्या पहिलीच्या बाई पुढे चालताना दिसल्या. माझा हात हातात धरून त्यांनीच मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. घरापर्यंत सोडावं म्हणून मी स्कूटर हळू केली. आवाज मागून जवळ आला तशा बाई दचकल्या, कुंपणाच्या भिंतीला चिकटल्या, आणि त्यांचा हात झटकन गळ्याशी गेला.

मी हेल्मेट काढलं. "बाई, मी आहे."

"अगंबाई, तू होय!" त्या हसल्या खऱ्या, पण श्वास लागला होता.

मध्यंतरी याच रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी एका बाईचं मंगळसूत्र ओढून नेलं. तेव्हापासून आमच्याकडच्या बायका पदर गळ्याभोवती गुंडाळूनच बाहेर पडतात. मागे गाडी वाजली की कडेला थांबतात. चोर दोघेच होते. पण आता मागून येणारा पेपरवाला, शेजारचे काका, मीसुद्धा, पुढे निघून जाईपर्यंत तिसरा चोरच असतो. आणि याचा राग तरी कुणावर काढायचा?

"बसा ना मागे, सोडतो."

"नको रे, जाईन मी चालत." मग ओशाळून म्हणाल्या, "खरं कधीच लॉकरमध्ये ठेवलंय. हे खोटंच आहे."

मंगळसूत्र खोटं होतं, लख्ख ऊन पडलं होतं, समोर मी होतो. तरी बोलून होईपर्यंत बाईंचा तो हात गळ्यावरून खाली आला नाही.