डॉक्टरकाकांचा कान

इमारतीच्या कॉलमशी बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, फळ्या निघाल्या की हे गृहस्थ छोटी हातोडी घेऊन हजर. खालपासून वरपर्यंत टकटक करायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे, "बोलतोय," नाहीतर "यो जरा मुका हाय." मुका म्हणजे आतून कच्चा. साइटवरचे मजूर त्यांना डॉक्टर म्हणत, मी डॉक्टरकाका.

मी बदलापूर गावातली, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पालेगावात टॉवर उभे राहत होते, तिथे दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. पहिला आठवडा झेरॉक्स काढण्यात आणि साइट इंजिनीअर साहेबांचा चहा सांगण्यात गेला. सळ्यांची जाळी मी वहीत कितीदा काढली होती, पण समोर उभी राहिल्यावर मला डावं-उजवं कळेना. काकांनी हाताला धरून शिकवलं. "कागद नंतर बघ गो. आधी हात लाव," म्हणायचे. आज मला जे काही येतं, त्यातलं निम्मं तिथलं आहे.

काका मूळचे तिथलेच. आमचा टॉवर चढत होता ते त्यांचं भाताचं शेत. जमिनीच्या बदल्यात सी विंगला तिसऱ्या मजल्यावर एक घर आणि वर ही सुपरवायझरची नोकरी. तिसऱ्या मजल्याची नुसती स्लॅब टाकून झाली होती, तेव्हापासून ते जेवणाचा डबा घेऊन तिथेच बसत. चारी बाजूंना कॉलमच्या सळ्या उभ्या आणि मधे काका. "यो हॉल. हितं नातवाचा पाळणा." मुलाचं लग्नही ठरलेलं नव्हतं. बाजारात तुरी, असं मी चिडवलं की गालातल्या गालात हसत.

त्याच हॉलचे कॉलम भरायचे होते, त्या दुपारी रेडीमिक्स काँक्रीटची गाडी कुठेतरी दोन तास अडकली. काका रजेवर होते, मुलासाठी मुलगी बघायला गेले होते. गाडी आली तेव्हा माल घट्ट होत आला होता. ती परत पाठवायला हवी होती. साहेबांनी त्यात पाइपने पाणी सोडायला लावलं. पाणी वाढलं की माल ओतायला सोपा आणि ताकदीला कच्चा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं.

नियम असा, की कॉलममध्ये जाणाऱ्या मालातलाच थोडा लोखंडी साच्यांत भरून ठोकळे करायचे. पुढे लॅबमध्ये ते दाबून फोडतात आणि त्यावरून कॉलमची ताकद ठरते. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बालदीत वेगळा माल बनव, सिमेंट जास्ती टाक. सब करते हैं. तुझ्या सर्टिफिकेटवर सही माझीच लागते ना?" मी ठोकळे केले आणि रजिस्टरमध्ये सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली, याची आता लाज वाटते.

फळ्या निघाल्यावर काकांनी हातोडी मारली. पुन्हा मारली. बराच वेळ कान लावून राहिले, मग माझ्याकडे वळले. "यो मुका वाटतो. ठोकळे त्याच गाडीचे का गो?"

"त्याच गाडीचे, काका. मीच भरलेत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण ते म्हणाले, "तू शिकलेली. तू कशाला खोटं बोलशील? माझाच कान म्हातारा झाला." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हातोडी आणली नाही. वरचे सगळे मजले डॉक्टरांच्या तपासणीशिवाय चढले.

मला सर्टिफिकेट मिळालं, वर 'उत्कृष्ट' असा शेराही. त्या जोरावर नोकरी लागली. तीन वर्षांनी त्याच हॉलमध्ये नातवाच्या बारशाला काकांनी बोलावलं, तेव्हा मला राहवलं नाही. पाहुणे गेल्यावर त्यांना सगळं सांगितलं. कॉलम बाहेरून जाड करून मजबूत करता येतो, सोसायटीने तपासणी करून घ्यावी, मी तसं लिहून देते, असंही म्हणाले. ते पाळण्याची दोरी ओढत राहिले.

"लिवलंस तर तुझी नोकरी जाईल ना?"

"जाईल बहुतेक."

"मग नको. उभा हाय ना इतकी वर्सं? ऱ्हाईल. आन् सुनेला सांगू नको, घाबरंल ती."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. पुढच्या वेळी गेले तेव्हा पाळणा आतल्या खोलीत गेला होता. का, ते विचारायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी काका गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. तेराव्याला हॉल माणसांनी गच्च भरला होता. मी त्या मुक्या कॉलमजवळ उभी होते. नव्या रंगाखालून एक बारीक चीर तिरपी वर गेली होती, माझ्या खांद्यापर्यंत. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचा मुलगा पदर धरून मागे. "ताई, उभ्या का? टेकून बसा ना. बाबा तुमचं फार नाव काढायचे."

काकांनी नको म्हटलं होतं, आणि त्यांच्या मायेच्या आड मी आरामात लपून राहिले होते. मी तिच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"वहिनी, पोराला घेऊन जरा खाली आवारात चला. मला काही सांगायचंय."